सतरंजीमागची चार बोटं

(समूह-छायाचित्रांतून दिसलेला आपल्या शाखेचा इतिहास)

अमृतमहोत्सवी स्मरणिकेच्या पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी माझ्यापुढं दोन गठ्ठे ठेवले. एकात मंजुरीची पत्रं, वार्षिक अहवाल, तपासणीचे शेरे, बांधकामाच्या पावत्या. दुसऱ्यात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले फोटो. “इतिहास तुम्हीच लिहा मास्तर,” एवढं बोलून ते चहा सांगायला उठले.

रीतीप्रमाणं मी पहिला गठ्ठा आधी सोडला. वर्ग कधी वाढले, खोल्या कधी बांधल्या, मुख्याध्यापक कोण कोण झाले, निकाल किती लागला, सगळं उतरवून घेतलं. चार दिवसांत टिपणं तयार झाली. नीटनेटकी होती, पण नाव बदलून दुसऱ्या कुठल्याही शाखेच्या स्मरणिकेत घातली असती तरी खपली असती. मग दुसरा गठ्ठा सोडला आणि तिथंच अडकलो.

एकूण तेवीस फोटो. मांडणी सगळ्यांची एकच. मध्ये खुर्च्या, खुर्च्यांवर गुरुजी, त्यांच्या पायाशी मांडी घातलेली लहान मुलं, मागं उभी मुलं आणि त्यांच्यामागं बाकावर चढलेली उंच मुलं. जुन्या फोटोंत टोप्या सारख्या, सदरे सारखे, चेहऱ्यावरचा धसकाही सारखा. यात बघण्यासारखं काय, असं वाटलं. तरी ड्रॉइंगच्या सरांकडून भिंग मागून आणलं आणि एकेका चेहऱ्यावर थांबत गेलो. शाळेनं मुलांना सारखं का केलं आणि एवढं करूनही ती कुठं कुठं सारखी झाली नाहीत, हे दोन्ही त्या फोटोंत मांडीला मांडी लावून बसलेलं आहे. अहवालाच्या गठ्ठ्यात यातलं काहीच नव्हतं. म्हणून आपल्या शाखेचा इतिहास मी फोटोंच्या बाजूनं सांगतो.

फोटोचा दिवस

फोटोग्राफर तालुक्याच्या गावाहून सकाळच्या गाडीनं यायचा. तीन पायांचा स्टँड, लाकडी कॅमेरा, काळं कापड आणि पेटीत जपून आणलेल्या काचेच्या प्लेटा. ऊन चढायच्या आत फोटो उरकायचा, कारण दुपार झाली की टोपीची सावली डोळ्यांवर येते. वर्गातले बाक मैदानात यायचे. गुरुजी मुलांना उंचीप्रमाणं लावायचे, कुणाची टोपी सरळ करायचे, कुणाचं गळ्याचं बटण लावायचे. मग फोटोग्राफर काळ्या कापडाखाली डोकं घालायचा, बाहेर यायचा, भिंगाचं टोपण काढून मनात आकडे मोजायचा आणि टोपण परत लावायचा. तेवढा वेळ हलायचं नाही, हसायचं नाही, पापणी लववायची नाही. प्लेट महाग, दुसरी मिळणार नाही, ही धमकी आधीच देऊन ठेवलेली असायची.

त्या काळच्या फोटोत मुलं हसत का नाहीत, असं माझी नात विचारते. एक कारण हे मोजलेले आकडे. दुसरं असं, की बऱ्याच मुलांचा तो आयुष्यातला पहिला फोटो होता आणि काहींचा शेवटचाही. अशा वेळी माणूस देवळात उभा राहावा तसा उभा राहतो.

एका फोटोत दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या मुलाच्या खांद्यावर चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं आहे. आकडे मोजून व्हायच्या आत तो हलला. नाकावर माशी बसली असेल, नाहीतर शेजाऱ्यानं चिमटा काढला असेल. बाकीचे तीस जण शिस्तीत थांबले म्हणून आज ओळखू येतात.

बसायची जागा

समूह-छायाचित्रात पहिला प्रश्न असतो तो कोण कुठं बसणार याचा. आपल्या सातारा जिल्ह्यात हा प्रश्न फोटोपेक्षा जुना आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. साताऱ्यातल्या लहानपणाबद्दल बाबासाहेबांनी पुढं स्वतःच लिहून ठेवलं आहे. वर्गात इतर मुलांमध्ये त्यांना बसता येत नसे. एका कोपऱ्यात वेगळ्या तरटाच्या तुकड्यावर बसायचं, संध्याकाळी ते तरट घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं. शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. त्या वर्गातलं सगळ्यात ठळक वेगळेपण त्या मुलाच्या वाट्याला आलं होतं आणि ते त्यानं निवडलेलं नव्हतं. फोटोतल्या सारखेपणाबद्दल बोलताना हे तरट डोळ्यांपुढून हलू देऊ नये, असं मला वाटतं.

तिकडं कोल्हापुरात शाहू महाराजांनी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह आधी करून पाहिलं होतं, पण बहुजनांची मुलं तिथं टिकेनात. तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकेका समाजाची मुलं एकेका छपराखाली आली. आज कुणाला ते जातवार वाटप वाटेल. पण ज्या मुलाला शहरात ओसरीवरसुद्धा कुणी टेकू देत नव्हतं, त्याला आधी पाठ टेकायला भिंत हवी होती. महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम काढला.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून कुंभोजचा एक मुलगा शिकत होता. २२ सप्टेंबर १८८७ चा जन्म, अभ्यासात बेताचा, अंगानं दणकट. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो जाऊन आला. परतल्यावर त्याला आंघोळ करून आत यायला सांगण्यात आलं. त्यानं नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. ही हकीकत आपल्या संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तो मुलगा म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील.

पुढं किर्लोस्करांचे नांगर विकत आणि ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी भागभांडवल गोळा करत भाऊराव गावोगाव हिंडले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, कराड तालुक्यातल्या काले इथं त्यांनी आपली रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये संस्थेनं साताऱ्यात बिऱ्हाड केलं आणि तिथलं वसतिगृह सुरू झालं. फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. शाहू बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एका जागी राहत, पाळीपाळीनं स्वयंपाक करत आणि एका पंगतीला बसत. पैसा आटला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. १९३० मध्ये त्या गेल्या. बोर्डिंगातल्या पोरांच्या तोंडी त्यांचं नाव ‘वहिनी’ असंच होतं.

कोल्हापुरात एका घरात एक समाज होता. साताऱ्यात एका पंगतीत सगळे आले. तरटापासून पंगतीपर्यंतचं अंतर शहराच्या नकाशावर थोडकंच, पण ते कापायला पंचवीस वर्षं लागली. समूह-छायाचित्रातली खांद्याला खांदा लावलेली ओळ त्या पंगतीतून आलेली आहे. आपल्या शाखेच्या सगळ्यात जुन्या फोटोत पहिल्या ओळीतल्या मुलांचे गुडघे एकमेकांना टेकलेले आहेत. भिंगातून मी ते गुडघे मोजले. कुठंही बोटभर फट नाही.

आपली शाखा

१९३५ मध्ये संस्थेचं अध्यापक विद्यालय निघालं, १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. वड वाढला तशा पारंब्या गावोगाव टेकल्या. आपली शाखा त्यांतलीच एक, आणि ती टेकली एका रिकाम्या गोठ्यात. गावानं गोठा दिला, मुलांनी तो शेणानं सारवला, दावणीच्या जागी फळा टांगला. पहिल्या पावसाळ्यात छप्पर एवढं गळायचं की गणिताचा तास कोरड्या कोपऱ्यात आणि मराठीचा ओल्या. पुढं इमारतीला दगड लागले ते ओढ्यातून मुलांनीच वाहिले. संस्थेचं ब्रीदच स्वावलंबी शिक्षणाचं, तेव्हा याची तक्रार कुणी केल्याचं जुने विद्यार्थी सांगत नाहीत. खांदे सोलले त्याची आठवण मात्र सगळ्यांनाच आहे.

ते दगड फोटोतही आहेत. मागच्या रांगेतल्या बुटक्या मुलांना उंच करायला पायाखाली ठेवलेले.

टोपी

जुन्या फोटोत आधी दिसते ती टोपी. सगळी डोकी पांढरी.

हा सारखेपणा गावाच्या रीतीत बसणारा नव्हता. डोक्यावर काय आहे यावरून माणूस कुठला, कुणाचा, किती बिघ्यांचा, हे गाव बांधावरून सांगायचं. कुणाला पागोटं, कुणाला मुंडासं, कुणाला जरीची टोपी, कुणाला काळी, आणि कुणाचं डोकं दुसऱ्यापुढं उघडंच राहिलं पाहिजे असा दंडक. खादीच्या एका ताग्यातून एकाच शिंप्यानं शिवलेली टोपी हे सगळं झाकून टाकायची. पाटलाच्या पोराची आणि महारवाड्यातल्या पोराची टोपी एका मापाची, म्हणजे दोघांनाही न बसणारी. फोटोत निम्म्या टोप्या कानापर्यंत उतरल्या आहेत आणि निम्म्या डोक्यावर पाखरू बसावं तशा नुसत्या टेकल्या आहेत.

शिवाय ही टोपी नुसतं कापड नव्हती. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला तेव्हा गांधी टोपी घालून रस्त्यावर येणं हाच गुन्हा ठरला होता. ती आठवण आपल्या भागात पुरती विझलेली नव्हती. ज्या टोपीनं मुलं एकसारखी दिसत, तीच टोपी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बापानं घातली असती तर तो चारचौघांत उठून दिसला असता आणि गजांआड गेला असता.

मुलांना सारखं करणारा माणूस मात्र दुसऱ्या कुणासारखा दिसत नव्हता. ती पांढरी दाढी, खांद्यावरची घोंगडी, हातातली काठी. कर्मवीर भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले. आजही त्यांचं चित्र पोर कोळशानं भिंतीवर काढतं आणि नाव न लिहिता ओळखू येतं.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीचा रकाना असतो. तो सरकारी कागद आहे आणि ज्यांना सवलती मिळायच्या त्यांना त्याच रकान्यानं मिळाल्या. पण फोटोत तो रकाना नाही. मी मुद्दाम कार्यालयातून जुनं जनरल रजिस्टर मागवलं आणि फोटो शेजारी ठेवून कोण कुणाचा हे ताडायचा प्रयत्न केला. तासाभरानं रजिस्टर मिटलं. जमलं नाही, आणि जमू नये म्हणूनच टोप्या शिवल्या होत्या हे ध्यानात आलं.

एकच कोट, तीन मुलं

चेहऱ्यांना नावं जोडायला आपल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकांकडं गेलो. गाव त्यांना नाना म्हणतं. वय नव्वदीच्या घरात. ओट्यावर घोंगडी टाकून बसले होते. मी फोटो पुढं केला तशी त्यांनी चष्मा काढला, फोटो हातभर लांब धरला आणि बोट फिरवायला सुरुवात केली.

नावं त्यांना आठवेनात. पण माणसं आठवत होती.

“ह्यो शेळीवाला. ह्येची शेळी ह्येच्या मागनं शाळंत यायची. गुरुजींनी तिचंबी नाव हजेरीत घ्यायचं ठेवलंवतं.”

“ह्यो किसनामाईच्या पुरात पवायचा. आयशी रडायची काठावर.”

“ह्येच्या कानात भोक बगा. बाळी व्हती. त्या साली दुस्काळ पडला, बाळी गेली, भोक ऱ्हायलं.”

मी भिंग धरलं. खरोखरच भोक होतं. दोन आठवडे मी त्या चेहऱ्याकडं बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

मग मला पडलेलं कोडं विचारलं. एकाच दिवशी काढलेल्या तीन वर्गांच्या तीन फोटोंत, मधल्या ओळीत, प्रत्येकी एका मुलाच्या अंगात गडद कोट आहे. तिन्ही मुलं वेगळी, पण कोटाचं तिसरं बटण तिन्ही ठिकाणी गायब. बाह्या एवढ्या लांब की बोटं दिसत नाहीत. एवढ्या गरिबीत हा कोट कुठून आला?

नाना हसले. “भूगोलाच्या गुरुजींचा त्यो. तिगांचंबी सदरं फाटल्यालं व्हतं, खांद्यावर. फोटूत दिसंल म्हनून गुरुजींनी काडून दिला. एका वर्गाचा फोटू झाला की ह्येच्या अंगातनं काडून त्येच्या अंगात.”

मी तिन्ही फोटोंत खुर्चीच्या ओळीत बघितलं. सगळे गुरुजी कोटात आहेत. उजवीकडून दुसरे मात्र नुसत्या सदऱ्यावर बसलेले, हात गुडघ्यांवर, नजर समोर. फाटका खांदा झाकायचा तर कोट घालावा लागला, आणि कोटामुळं ती तीन मुलं सगळ्यांत उठून दिसली. पण फाटक्या सदऱ्यानं उठून दिसणं आणि मास्तरांच्या कोटानं उठून दिसणं यातला फरक गुरुजींना ठाऊक होता. हा प्रसंग कुठल्या अहवालात नाही आणि शाळेच्या इतिहासात तो पहिल्या निकालाच्या टक्केवारीआधी यायला हवा.

“नाना, यात तुम्ही कुठं?” मी विचारलं. त्या वर्गात ते होते हे रजिस्टरवरून पक्कं होतं.

त्यांनी फोटोवर चेहऱ्यांच्या वर बोट ठेवलं. फोटोत मागं पडदा म्हणून गावकीची सतरंजी धरलेली आहे. तिच्या वरच्या काठावर, डाव्या टोकाला, चार बोटं दिसतात. एवढे दिवस मी त्यांना सतरंजीचे गोंडे समजत होतो.

“ही माजी.”

फोटोच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी टोपी धुऊन, नीळ देऊन कुडावर वाळत घातली. रात्री म्हशीनं ती ओढून चघळली. सकाळी ते उघड्या डोक्यानं शाळेत आले. “समद्यांची डोस्की पांढरी, माजं येकट्याचंच काळं. म्हनलं, आपुन न्हाई बसायचं. सतरंजी धरायला कोन, तर म्या म्होरं झालो.” गुरुजींनी दोनदा हाक मारली. मग स्वतःची टोपी काढून पुढं केली. ती नानांनी घेतली नाही. गुरुजी बोडक्यानं बसलेले चालणार नाहीत, हे चौदा वर्षांच्या पोराला कळत होतं.

मला खात्री करून घ्यायची होती. भिंगाखाली बघितलं तर करंगळीशेजारचं बोट पेरापासून आत वळलेलं होतं. नानांनी हात पुढं केला. तेच बोट, तसंच वाकडं. लहानपणी गवत कापताना विळा लागलेला.

एकट्याचंच डोकं वेगळं दिसू नये म्हणून जो मुलगा फोटोतून बाहेर पडला, तो सत्तर वर्षांनी बोटावरून ओळखू आला. बाकी ज्यांच्या टोप्या डोक्यावर होत्या त्यांतल्या तिघांची नावं अजून लागलेली नाहीत. यात गंमत आहे, पण मला त्या सकाळची धडधडही दिसते. आज आपण मुलांना सांगतो, वेगळं व्हा, स्वतःची ओळख करा. ज्याच्या घरात एकच टोपी आहे आणि ती म्हशीनं खाल्ली आहे, त्याला वेगळं होण्याची हौस नसते. आधी सगळ्यांसारखं दिसण्याची ऐपत यावी लागते. ती आपल्या शाळेनं दिली. वेगळं दिसण्याची हौस पुढच्या पिढ्यांनी केली, ती त्या ऐपतीच्या जोरावर.

परकर, स्कर्ट, ओढणी

पहिल्या सहा फोटोंत मुलगी नाही. सातव्यात दोन आहेत. खुर्च्यांच्या ओळीच्या अगदी टोकाला, परकर-पोलक्यात, दुमडलेल्या वेण्यांना रिबिनी. मुलांच्या आणि त्यांच्या मध्ये मुख्याध्यापकांच्या पत्नी बसल्या आहेत. त्या शिक्षिका नव्हत्या. दोनच मुली फोटोला कशा बसवायच्या, असा प्रश्न आला म्हणून त्यांना घरून बोलावून आणलं होतं. एक मुलगी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडं बघते आहे. दुसरीनं हनुवटी वर केली आहे आणि थेट भिंगात बघते आहे. त्या फोटोतल्या बेचाळीस जणांत एवढी सरळ नजर दुसऱ्या कुणाची नाही.

पुढं मुलींची एक ओळ झाली, मग दोन. परकर गेला, निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज आला, त्यानंतर पंजाबी ड्रेस आणि दोन्ही खांद्यांवर पिनेनं टाचलेली ओढणी. अशाच एका दहावीच्या फोटोत सगळ्या मुलींच्या ओढण्या एका घडीच्या आहेत. भिंग फिरवताना मधल्या एकीच्या गळ्यापाशी थांबलो. कॉलरच्या आत सारलेले काळे मणी दिसत होते. गणवेशानं तिला वर्गमैत्रिणींसारखं ठेवलं होतं आणि तिनंही मणी आत सारून गणवेशाला साथ दिली होती. तिनं परीक्षा दिली, एवढं रजिस्टर सांगतं.

खाकी चड्डीपासून गॉगलपर्यंत

माझ्या वर्गाचा फोटो पंधरावा. टोप्या गेल्या होत्या, पांढरा शर्ट आणि खाकी अर्धी चड्डी आली होती. सगळ्यांनी हौदावर जाऊन केसांना पाणी लावलं होतं. तालुक्याहून येणाऱ्याकडं आता फिल्मचा कॅमेरा होता, म्हणजे श्वास कोंडायची गरज उरली नव्हती. तरी आम्ही कोंडलाच. मी शेजारच्या मित्राच्या खांद्यावर हात टाकला होता. “हात खाली,” फोटोग्राफर ओरडला. मी हात खाली घेतला. मित्रानं त्याचा घेतला नाही. फोटोत माझे हात शिवणीला चिकटलेले आहेत आणि माझ्या खांद्यावर त्याचा पंजा आहे. मी पुढं मास्तर झालो आणि आयुष्यभर मुलांना हात खाली घ्यायला सांगत आलो. तो सैन्यात गेला.

शेवटचे चार फोटो रंगीत आहेत. निरोप समारंभाला आता गणवेशाची सक्ती नाही, म्हणून मुली साड्यांत आहेत आणि मुलं हवे ते कपडे घालून आली आहेत. सगळ्यात अलीकडच्या फोटोत मागच्या रांगेतल्या अकरा मुलांनी गॉगल लावला आहे. मी निरखून बघितलं. अकरा मुलं, पण गॉगल दोन-तीन प्रकारचेच, आणि हाताची बोटं सगळ्यांनी एकसारखीच उंचावलेली. रागवायचं कारण नाही. आमच्या पिढीला सारखं राहायला गुरुजींनी सांगितलं होतं, यांना कुणी सांगितलं याचा शोध पुढच्या स्मरणिकेच्या लेखकानं घ्यावा. पहिल्या ओळीत मात्र गॉगल न लावलेला एक मुलगा उन्हानं डोळे बारीक करून बसला आहे. शंभराव्या वर्षी कुणीतरी भिंग घेऊन बसेल, तेव्हा त्याच्याकडं आधी बघेल.

नावांची यादी

फोटोखाली नावांची पट्टी छापायची पद्धत आपल्याकडं नवव्या फोटोपासून दिसते. बसलेले डावीकडून, उभे डावीकडून, गैरहजर. मुलांची आद्याक्षरं आणि आडनाव, मुलींच्या आधी ‘कु.’. पट्टी आली तसा टोपीनं झाकलेला रकाना थोडा उघडा पडला, कारण आपल्याकडं आडनाव कानावर पडलं की माणूस पुढचा हिशोब मनातच करतो. संपादक मंडळात यावर चर्चा झाली. आडनावं गाळून नुसती नावं छापावीत, असं एकाचं म्हणणं. नानांना विचारलं तर ते म्हणाले, “पुरं नाव छापा. बापाचंबी घाला. बापानंच पोत्यावर निजून शाळंत धाडलंय.” तेव्हा पूर्ण नावं छापायचं ठरलं.

सगळ्यात जुन्या फोटोला पट्टी नव्हती. ती या वर्षी आम्ही पहिल्यांदा तयार केली. एकतीस मुलं, त्यांतली अठ्ठावीस ओळखली. आपल्याकडच्या याद्यांत नसलेली एक ओळ तिच्यात घातली आहे : ‘मागे, सतरंजी धरून’. डावीकडं नानांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. उजवीकडं जागा मोकळी आहे. त्या टोकालाही तीन बोटं दिसतात, चौथं घडीत गेलेलं आहे. तो कोण, हे नानांना खूप आठवूनही आठवलं नाही.

“आसंल कोनतरी,” ते म्हणाले. “त्येचीबी टोपी नसंल.”

फोटो पुढच्या पानावर पूर्ण आकारात छापला आहे. दुसऱ्या ओळीतला पाचवा, तिसऱ्या ओळीतले पहिला आणि नववा, आणि सतरंजीचं उजवं टोक धरणारा, अशा चौघांची नावं लागायची आहेत. घरात आजोबा-पणजोबा असतील तर त्यांना फोटो दाखवावा, आणि दाखवताना भिंग जवळ ठेवावं. ओळख पटल्यास शाखेच्या कार्यालयात कळवावं. पट्टीत जागा राखून ठेवली आहे.